पोरांना धीट करायचंय? आधी त्यांच्याशी खरं बोला



सातवी-आठवीपासून पुढच्या मुलांच्या हातात हल्ली एका ठरावीक तऱ्हेची पुस्तकं दिसतात. मुखपृष्ठ काळपट, आत भविष्यातलं एखादं मोडकळीला आलेलं राज्य, त्या राज्यात माणसांना मुठीत धरून ठेवणारी सत्ता आणि तिच्याशी झुंजणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी नाहीतर मुलगा. ‘द हंगर गेम्स’, ‘डायव्हर्जंट’, ‘द मेझ रनर’ ही नावं तुमच्या कानावरून गेली असतील. इंग्रजी सरावाची असलेली मुलं पुस्तकं वाचतात, बाकीची मोबाइलवर सिनेमे बघतात, आणि गोष्ट दोघांनाही सारखीच पाठ असते.

आपली तक्रार ठरलेली. “अभ्यास सोडून हे काय मारामारीचं घेऊन बसली?” त्यामागची खरी काळजी मात्र कोणी मोठ्याने बोलत नाही. असलं वाचून पोरगी उद्या आपल्यालाच उलटून बोलेल का? जगावरचा तिचा भरवसाच उडेल का?

मला वाटतं, ही पुस्तकं आपण मुलांसोबत वाचायला हवीत. यवतमाळ जिल्ह्यातल्या आई-बापांनी तर नक्कीच. मारामारी त्यांत आहे, पण मुलं पुन्हा पुन्हा त्या पुस्तकांकडे जातात ती दोन प्रश्नांसाठी: विश्वास कोणावर ठेवायचा आणि घाबरलेलं असताना धीट कसं व्हायचं. या दोन्ही प्रश्नांची पहिली उत्तरं मुलं घरात शोधतात. तिथं सापडली नाहीत की मग पुस्तकात.

चिठ्ठीतलं नाव

सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेचं ‘द हंगर गेम्स’ 2008 साली आलं. पॅनेम नावाचा देश, त्याची चकचकीत राजधानी कॅपिटॉल आणि तिला पोसणारे बारा जिल्हे. एक जिल्हा कोळसा काढतो, एक कापड विणतो, एक धान्य पिकवतो. पिकवणाऱ्याच्या घरी पोटभर अन्न नाही आणि राजधानीतले लोक मेजवानीत अजून खाता यावं म्हणून औषध पिऊन आधीचं ओकून टाकतात. ही रचना आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, जिल्हाभर पऱ्हाटी आणि सोयाबीन आहे, आणि घाम आपला गळला तरी भाव दुसरीकडेच ठरतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडायची, त्यांना एका मैदानात सोडायचं आणि एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावायचं, असा त्या देशाचा खेळ. तो सगळ्यांनी टीव्हीवर बघायचा. बाराव्या वर्षापासून प्रत्येकाचं नाव चिठ्ठीत जातं. त्यात एक मेख आहे. घरात खायला नसेल तर मुलाने आपलं नाव जास्तीच्या चिठ्ठ्यांवर टाकायचं, बदल्यात घरातल्या एका माणसापुरतं वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल मिळतं. कॅटनिस या सोळा वर्षांच्या नायिकेच्या नावाच्या 20 चिठ्ठ्या आहेत, तिच्या मित्राच्या, गेलच्या 42. म्हणायला सोडत सर्वांना सारखी, पण गरिबाच्या पोराचं नाव निघण्याची शक्यता जास्त.

त्या वर्षी नाव निघतं कॅटनिसच्या बारा वर्षांच्या बहिणीचं, प्रिमचं. तिच्या नावाची एकच चिठ्ठी होती. कॅटनिस पुढे होते आणि म्हणते, तिच्याऐवजी मी जाते. आपली मुलं या प्रसंगावर जीव टाकतात. तिथं कॅटनिस शूर म्हणून उभी राहत नाही. तिचे पाय लटपटत असतात, पण लहान बहिणीला ती एकटीला जाऊ देऊ शकत नाही. आपल्या घरात धाकट्याला कडेवर घेऊन वावरात जाणाऱ्या, माय कापूस वेचायला गेली की चूल सांभाळणाऱ्या मुलींना हे धैर्य ओळखीचं आहे. त्याला कोणी बक्षीस देत नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही एवढंच.

आईचं गप्प बसणं

पुस्तकातला जो भाग आई-बापांनी नीट वाचावा असं मला वाटतं, तो खेळाच्या मैदानाच्या फार आधी येतो. कॅटनिस अकरा वर्षांची असताना तिचा बाप खाणीतल्या स्फोटात मरतो. आई खचते. ती उठत नाही, बोलत नाही, मुलींकडे बघत नाही. घरातलं अन्न संपतं. कॅटनिस पावसात दारोदार फिरते आणि बेकरीवाल्याचा मुलगा पीटा मुद्दाम करपवलेली पावरोटी तिच्याकडे फेकतो. त्याबद्दल तो आईचा मार खातो. पुढच्या सगळ्या कथेत कॅटनिसचा पीटावर हळूहळू जो विश्वास बसतो, त्याचं मूळ या पावरोटीत आहे. आणि आईवरचा विश्वास जो तुटतो, तो तेव्हा तुटतो.

आईचा आजार खरा होता, हे कॅटनिसला कळतं. खचून जाणं हा गुन्हा नव्हे, हेही कळतं. तरी तिला राग येतो, कारण त्या दिवसांत काय होतंय हे कोणीच तिला सांगितलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीने सगळा अर्थ स्वतःच लावला आणि तो अर्थ होता: मी एकटी आहे.

हे आपल्या जिल्ह्यात वाचताना पोटात कालवतं. 2001 पासून शासन शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवतं आणि त्या नोंदीत यवतमाळचं नाव सतत वर राहिलं. पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले असताना 1 जुलै 2006 ला आपल्यासह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. पुढे 2015 मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान आलं. योजना आल्या, गेल्या. त्या सगळ्या काळात आपल्या गावांतली मुलं मोठी झाली. मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे शब्द त्यांनी शाळेच्या पुस्तकाआधी ओसरीवर ऐकले. सावकाराची मोटारसायकल दारात थांबली की बाबांचा आवाज बदलतो, हे त्यांनी पाहिलं. बँकेचं पाकीट आलं की आई ते कुठे ठेवते, हे त्यांना माहीत आहे.

आणि आपण काय म्हणतो? “काही नाही झालं. तू अभ्यास कर.”

यात आपला हेतू चांगलाच असतो. मुलाच्या डोक्याला ताप नको, त्याचं बालपण हिरावू नये. पण मूल दोन गोष्टी एकाच वेळी शिकतं. एक, काहीतरी झालंय. दोन, जे झालंय ते आई-बाबा मला सांगत नाहीत. पहिल्या गोष्टीची भीती मूल कसंबसं पेलतं. दुसरीने मात्र ते एकटं पडतं.

मोठ्यांना खोटं बोलायची परवानगी

लोइस लाउरी यांचं ‘द गिव्हर’ 1993 मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला अमेरिकेतलं बालसाहित्याचं नावाजलेलं न्यूबेरी पदक मिळालं. ‘हंगर गेम्स’च्या कितीतरी आधीचं हे पुस्तक, रक्तपात जवळजवळ नाही, तरी मला ते सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं. त्यातला जोनस बारा वर्षांचा आहे. त्याच्या गावात भांडण नाही, भूक नाही, वेदना नाही, रंगसुद्धा नाहीत. प्रत्येक मुलाला बाराव्या वर्षी काम नेमून दिलं जातं. जोनसच्या वाट्याला येतं जुन्या काळच्या आठवणी सांभाळायचं काम, आणि त्यासोबत नियमांचा कागद. शेवटचा नियम असा, की तू खोटं बोललास तरी चालेल.

जोनसच्या मनात लगेच येतं: हाच नियम सगळ्याच मोठ्या माणसांच्या कागदावर असेल तर? मग माझे आई-बाबा मला आजवर जे सांगत आले, त्यातलं खरं किती?

पुढे तो पाहतो, की त्याचे प्रेमळ, हसतमुख बाबा नोकरीचा भाग म्हणून एका तान्ह्या बाळाला इंजेक्शन देऊन मारतात आणि घरी त्याला वेगळंच नाव देतात. गावात ‘निरोप दिला’ म्हणायची पद्धत असते. बाबा दुष्ट नाहीत. सगळे तसं करतात, म्हणून तेही करतात. जोनस लवकरच घर सोडून पळतो, सोबत दुसऱ्या एका बाळाला वाचवायला घेऊन.

मुलांना हे पुस्तक का भिडतं, हे मला आता कळतं. मोठी माणसं वाईट असतात, हे त्यात सांगितलेलं नाही. चांगली माणसंही सवयीने खोटं बोलतात आणि मुलांना ते कधी ना कधी कळतं, हे सांगितलंय. ते कळण्याचा दिवस प्रत्येक घरात येतो. तो आपण स्वतः, सोप्या शब्दांत, मुलाच्या वयाला पेलेल एवढ्याच मापात आणला, तर मूल घर सोडून पळत नाही. शरीराने पळालं नाही तरी मनाने पळालेली मुलं आपण गल्लीगल्लीत पाहतो.

धीटपणा आणि मस्ती

आता धैर्याबद्दल. व्हेरॉनिका रॉथ यांच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये, 2011 च्या पुस्तकात, एका शहरातले लोक स्वभावानुसार पाच गटांत वाटलेले आहेत. त्यातला एक गट शूरांचा. हा गट मुळात दुबळ्यांच्या रक्षणासाठी उभा राहिलेला. पण कथा सुरू होते तोवर तिथली नवी मुलं चालत्या रेल्वेतून उड्या मारतात, एकमेकांना बेशुद्ध होईपर्यंत ठोसे लगावतात आणि पुढाऱ्यांना त्यातच आनंद वाटतो. धैर्याचा हेतू विसरला की त्याची नुसती मस्ती होते, हे नायिका ट्रिस हळूहळू ओळखते.

हे वाचताना मला 2017 चा खरीप आठवतो. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, कीड जबर होती, आणि फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या एका जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात होते. कारणं बरीच होती: औषधांची घातक मिसळ, जोराने फवारा मारणारे पंप, उंच झाडांमुळे तोंडावर येणारा फवारा, न मिळालेले हातमोजे आणि मास्क, न वाचता आलेली लेबलं. हे सगळं माणसांच्या बेफिकिरीवर ढकलणं अन्यायाचं होईल. पण एक वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, कदाचित म्हटलंयही: “मला काय होते बे? वीस वर्षं झाली फवारतो.”

शेजारी उभा असलेला आपला मुलगा हे वाक्य ऐकतो आणि ठरवतो, की बाबा शूर आहेत. मग तो हेल्मेट न घालता मोटारसायकल पळवतो, पैज लावून कालव्यात सूर मारतो. आपण त्याला रागावतो, पण तो आपलंच वाक्य जगत असतो.

बाप मास्क लावतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, वाऱ्याची दिशा बघतो, घरी येऊन आधी अंघोळ करतो आणि पोराला सांगतो, “मला या औषधाची भीती वाटते, म्हणून मी एवढी काळजी घेतो,” तेव्हा तो मुलाला खरा धीटपणा शिकवतो. भीती आहे हे कबूल करायचं आणि तरी काम नीट करायचं. पुस्तकातल्या नायक-नायिकांना या टप्प्यावर पोचायला तीन-तीन खंड लागतात.

विहिरीत धरायला माणसं होती

आपल्या साहित्यात धैर्याचा धडा जुना आहे. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यातला पोहायचा प्रसंग आठवतो? श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, फटके देत विहिरीकडे पिटाळते. ‘आई कठोर झाली म्हणून मूल धीट झालं’ असा या प्रसंगाचा अर्थ आपण पिढ्यान्‌पिढ्या काढला आणि आपापल्या मुलांच्या पाठीवर वापरला.

तो प्रसंग पुन्हा वाचून बघा. विहिरीत श्यामला धरायला पोहता येणारी माणसं होती. नंतर आई त्याला जवळ घेऊन सांगते, की लोकांनी तुला भित्रा म्हणू नये म्हणून मी मारलं. श्यामने उडी मारली ती फटक्यांमुळे, पण तो पोहायला शिकला तो पाण्यातल्या हातांमुळे आणि नंतरच्या त्या बोलण्यामुळे. फटके आपण ठेवले आणि ते हात विसरलो. आजच्या पालकाने उलटं करावं.

पूर्वीच्या आणि आताच्या किशोर-कथांत हाच मोठा फरक आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचत आपल्यापैकी कित्येक जण मोठे झाले. फास्टर फेणे, म्हणजे बन्या, कितीही संकटात सापडला तरी शेवटी मोठी माणसं त्याचं ऐकतील, चोर पकडला जाईल, पाठ थोपटली जाईल, याची वाचकाला खात्री असायची. आजच्या या काळोख्या कथांत मुलांना ती खात्री नाही. जेम्स डॅशनरच्या ‘द मेझ रनर’मध्ये मुलांना भुलभुलैयात कोंडणारी संस्था स्वतःला चांगली म्हणवते. मुलं विचारतात, विश्वास ठेवावा असा मोठा माणूस आहे का कुठे? पुस्तकं बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणतात. घराने ‘आहे’ म्हणावं आणि ते वागून दाखवावं.

आपल्या जिल्ह्यातल्या धीट गोष्टी

मुलांना परदेशी पुस्तकातलं धैर्य आवडतं, तर त्याला जोडून आपल्या मातीतलं सांगायला आपल्याकडे बरंच आहे.

कॅटनिस कुंपणापलीकडच्या जंगलात शिकार करते. त्या जंगलात जायला कायद्याने बंदी असते, पण तिथंच तिच्या घरचं पोट आहे. मुलाला विचारा, आपल्याकडे असं कधी झालं का? मग सांगा: 1930 साली इंग्रजांनी राखून ठेवलेल्या जंगलातलं गवत कापायलाही लोकांना मनाई होती. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनी 10 जुलै 1930 ला पुसदला गवत कापून तो कायदा उघड मोडला आणि अटक ओढवून घेतली. लपून न कापता, दिवसाढवळ्या, शिक्षा होणार हे माहीत असून. पुसद, उमरखेडकडच्या मुलांनी हे ऐकलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट अलीकडची आहे, म्हणून अवघड आहे. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला ज्येष्ठ इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. त्या मराठीत लिहीत नाहीत म्हणून विरोधाची धमकी आली आणि संमेलनाच्या काही दिवस आधी त्यांचं निमंत्रण मागे घेण्यात आलं. संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, अनेक लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. उद्घाटन मग कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. त्यांचे पती कर्जापायी आत्महत्या करून गेलेले. ‘तेरवं’ या नाटकातून त्या आपल्यासारख्या बायांचं दुःख रंगमंचावर मांडत होत्या. साहित्यिकांनी भरलेल्या मंडपासमोर उभं राहून त्या बोलल्या, की पुढच्या जन्मावर आपला विश्वास नाही, लढायचं ते याच जन्मात.

मुलांशी या घटनेवर बोलायला मुद्दाम वेळ काढा. बोलावलेल्या पाहुण्याला धमकीमुळे ‘येऊ नका’ सांगणं बरोबर होतं का? ज्यांनी बोलावलं त्यांनी काय करायला हवं होतं? मंडपावर बहिष्कार टाकणारे धीट, की मंडपात उभं राहून बोलणारी बाई धीट, की दोघंही? तुमचं मत मुलापेक्षा वेगळं निघालं तर उत्तम. विश्वास आणि धैर्य यांवर याहून चांगला धडा कुठल्याच परदेशी पुस्तकात नाही.

2016 ते 2018 या काळात राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात एका वाघिणीच्या भीतीने गावं कशी जगली, हेही तिकडच्या मुलांना माहीत आहे. लोक एकट्याने वावरात जायचं सोडून गटाने जायला लागले. धैर्य एकट्याचंच असावं लागतं असं नाही, हे शिकवायला तो अनुभव पुरेसा आहे.

पोरगी प्रश्न विचारते, तेव्हा

आता सुरुवातीची ती काळजी: असली पुस्तकं वाचून मुलं आपल्याला उलट बोलतील. हो, बोलतील. ‘हंगर गेम्स’च्या तिसऱ्या खंडात, 2010 च्या ‘मॉकिंगजे’मध्ये, कॅटनिसला कळतं की जुलमी राष्ट्राध्यक्षाविरुद्ध लढणारी तिच्याच बाजूची पुढारीण तेवढीच निर्दय आहे. ज्या लढ्यासाठी तिने जीव धोक्यात घातला, त्या लढ्याचं नेतृत्व ती शेवटी नाकारते. मुलं यातून शिकतात, की ‘आपला’ माणूस म्हणतो म्हणून ते खरं असं नसतं. या मुलांची ही समज पुस्तकापुरती राहत नाही. त्या कथेतली तीन बोटांची खूण 2014 पासून थायलंडमध्ये आणि 2021 मध्ये म्यानमारमध्ये लष्करी सत्तेविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या तरुणांच्या हातात दिसली.

उद्या जातीच्या नावाने, पक्षाच्या झेंड्याखाली, नाहीतर मोबाइलवरच्या एखाद्या मेसेजमुळे आपल्या मुलांना कोणी भडकवायला आलं, तर हीच सवय त्यांना वाचवेल. ती सवय आधी आपल्यावर चालवून बघितली जाते, त्याला इलाज नाही. “बाबा, तुम्ही म्हणाला होता हप्ता भरला, मग बँकेचा माणूस का आला?” हा प्रश्न उद्धटपणा नाही. ज्याच्याकडून खरं उत्तर मिळेल असं वाटतं, त्यालाच मूल असं विचारतं. ते विचारायचं थांबलं, तर काळजी करा.

या पुस्तकांचा एक दोषही सांगतो. त्यांत मुलं सगळं एकटी करतात आणि हातात शस्त्र घेऊन करतात. मदत मागणं त्यांत फारसं येत नाही. आपल्या मुलांना मात्र स्पष्ट सांगावं लागेल, की मदत मागणं हेही धैर्याचंच काम आहे. घरी बोलता येत नसेल तर आजी, मामा, विश्वासाचे सर किंवा मॅडम यांच्याकडे जायचं. मन फार जड झालं तर टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक आहे, संकटातल्या मुलांसाठी 1098 आहे. हे दोन्ही क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. टेलि-मानस आई-बापांसाठीही तितकंच आहे, आणि तुम्ही स्वतः कधी फोन केलात तर मुलांपासून ते लपवू नका.

आता काय करायचं

फार काही नाही. पुस्तक कितव्या वर्षी द्यायचं, यात तारतम्य ठेवा. ‘द गिव्हर’ सातवी-आठवीला चालतं, ‘हंगर गेम्स’ आणि ‘डायव्हर्जंट’ त्यानंतर. हळव्या मुलाला झोप लागेना, भीतीची स्वप्नं पडू लागली तर काही दिवस बाजूला ठेवा आणि का ठेवलं ते सांगा. इंग्रजी जमत नसेल तर मुलालाच गोष्ट सांगायला लावा, रात्री जेवताना, वऱ्हाडी बोलीत. ‘कोण जिंकलं’ हे विचारू नका. ‘तू तिथं असतीस तर कोणावर विश्वास ठेवला असता आणि का?’ असं विचारा. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

आणि घरातलं खरं, मापात का होईना, सांगायला सुरुवात करा. बारा वर्षांच्या मुलीला कर्जाचे आकडे सांगायची गरज नाही. पण एवढं सांगता येतं: “यंदा कापूस कमी झाला. बँकेचे पैसे द्यायचे राहिलेत. आई आणि मी त्यावर काय करायचं ते ठरवतोय. ही काळजी आमची आहे, तुझी नाही. तुला काही विचारायचं असेल तर विचार, मी खरं सांगीन.” जे हातात नाही त्याचं वचन देऊ नका. ‘सगळं ठीक होईल’ यापेक्षा ‘काय होईल ते तुला आधी कळेल’ हे वचन पाळता येण्यासारखं आहे. चुकून खोटं बोललात तर चार दिवसांनी येऊन सांगा, की मी त्या दिवशी खरं सांगितलं नव्हतं. आपली किंमत मुलांच्या नजरेत त्याने कमी होत नाही.

धीट मुलं हवीत असं आपण सगळेच म्हणतो. मुलाला धीट करण्याचा एकच खात्रीचा मार्ग मला ठाऊक आहे: घरात निदान एक तरी माणूस असा असावा, जो त्याच्याशी खोटं बोलत नाही. तो माणूस तुम्ही व्हा.